त्यांच्या घरातील मंडळी

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये १८:१-३, १८-२६, रोमकरांस पत्र १६:३-५



नव्या करारात पतिपत्नींची नावे फार थोड्या ठिकाणी एकत्र येतात. जखऱ्या व अलीशिबा, योसेफ व मरीया ही आपणांस नाताळात आठवतात. हनन्या व सप्पीरा आठवतात, ते निराळ्या कारणासाठी. परंतु एक जोडपे असे आहे की, त्याचा उल्लेख सहा वेळा झाला आहे, आणि सहाही वेळा दोघांची नावे एकत्रच आली आहेत. नवरा एकटा कोठे नाही, बायको एकटी कोठे नाही. ते जोडपे म्हणजे अक्विला आणि प्रिस्किल्ला.

अक्विला मूळचा पंत प्रांताचा, म्हणजे काळ्या समुद्राच्या किनाऱ्याकडचा यहूदी. तेथून तो रोमला आला. क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोम सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा हे दोघे करिंथास आले. तेथे पौल त्यांना भेटला. पुढे पौलाबरोबर ते तारवात बसून इफिसास गेले. पौल पुढे निघून गेला आणि हे दोघे मागे राहिले. काही वर्षांनी पौल रोमकरांस पत्र लिहितो, तेव्हा ते पुन्हा रोममध्ये आहेत, आणि त्यांच्या घरात मंडळी जमत आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रावरून ते परत इफिसास दिसतात. जरा विचार करा, वाचकहो. प्रत्येक वेळी घर मोडायचे आणि प्रत्येक वेळी नव्या गावात भाड्याची जागा शोधायची. पाणी कोठे भरतात, धान्य कोठे स्वस्त मिळते, शेजारी कसे आहेत, हे सारे पुन्हा पहिल्यापासून. शास्त्राने त्यांच्या प्रवासाची गावे सांगितली, सामानाची बोचकी सांगितली नाहीत. माझी पत्नी कधीकधी म्हणते, "प्रेषितांची कृत्ये लूकाने लिहिली, प्रेषितांना जेवू कोणी घातले ते लिहायचे राहून गेले." मी तिला सांगतो की अगदीच राहून गेले नाही. अठराव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात ते आहे. धंदा एकच असल्यामुळे पौल त्यांच्याकडे राहिला व त्यांनी मिळून काम केले, असे तेथे सांगितले आहे.

धंदा राहुट्या करण्याचा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कातडे शिवणारा असाही असू शकतो, असे काही अभ्यासकांचे मत आहे. कसेही असो, तो हाताचा धंदा होता. दाभण, जाड दोरा, कातड्याचा नाहीतर जाड्याभरड्या कापडाचा वास. करिंथ शहरात पौल दीड वर्ष राहिला. त्या काळात त्याने सभास्थानात कोणाशी वाद केला, त्याला न्यायासनापुढे कसे नेले, हे आपण उपदेशांत ऐकतो. परंतु ते दीड वर्ष बव्हंशी अशा एखाद्या घरात गेले, जेथे सकाळी काम सुरू होई आणि गिऱ्हाईक येऊन भावाची घासाघीस करी. सुवार्तेच्या इतिहासातील त्या मोठ्या काळाचा रोजचा चेहरा असा होता.

आता भाषांतरकार म्हणून मला एक गोष्ट सांगू द्या. सहा उल्लेखांपैकी चार ठिकाणी बायकोचे नाव आधी आहे. त्या काळच्या रीतीत हे नेहमीचे नव्हते. आणि अठराव्या अध्यायाच्या सव्विसाव्या वचनात, जेथे हे दोघे अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला जवळ बोलावून देवाचा मार्ग अधिक नीट समजावून देतात, तेथे जुन्या व भरवशाच्या हस्तलिखितांत प्रिस्किल्लेचे नाव प्रथम आहे, तर पुढील काळातील पुष्कळ हस्तलिखितांत अक्विलाचे. कोणा नकलनविसाला वाटले असावे की शिकवण्याच्या प्रसंगी तरी नवऱ्याचे नाव पुढे असावे. त्याने लेखणीने एवढेच केले. दोन नावांची अदलाबदल. खोटे असे काही लिहिले नाही. परंतु वाचकहो, आपल्या मंडळ्यांच्या अहवालांत ती लेखणी अजून चालू आहे, असे मला वाटते. म्हणून हा लेख.

मी बेंगळुरूत राहतो. ह्या शहराशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. शहाजीराजांची जहागीर येथे होती. येथील अॅव्हेन्यू रोडवर जुन्या पुस्तकांच्या दुकानांच्या गर्दीत एक चर्च आहे, राईस मेमोरियल चर्च. बेंजामिन राईस हे लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी १८३७ साली सपत्निक बेंगळुरूत आले आणि १८८७ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, त्यांनी येथे काम केले. कन्नड पवित्र शास्त्राच्या सुधारित भाषांतरात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या पत्नीने आणि त्यांच्या सहकारी श्रीमती सुएल ह्यांनी १८४० च्या दशकात कन्नड मुलींसाठी शाळा चालवल्या, ज्या काळी मुलीने पाटी धरणे हीच नवलाची गोष्ट होती. राईस दांपत्याचा मुलगा बेंजामिन लुईस राईस येथेच १८३७ साली जन्मला. शिक्षणासाठी त्याला सातासमुद्रांपलीकडे इंग्लंडला जावे लागले. तो परत आला आणि म्हैसूर राज्यातील आठ हजारांहून अधिक शिलालेख व ताम्रपट त्याने गोळा करून छापले. कर्नाटकात इतिहासाचे अभ्यासक आजही त्याचे नाव आदराने घेतात. दुसरा मुलगा एडवर्ड ह्याने कन्नड साहित्याचा इतिहास लिहिला. एका मिशनरी घरातून एका भाषेला केवढे मिळाले! परंतु त्या आईने मुलाला तारवात बसवले तो दिवस कोणत्याही शिलालेखात नाही.

आपल्या मराठी मुलखाकडे वळू. १८२९ सालच्या फेब्रुवारी महिन्यात जॉन विल्सन व त्यांची पत्नी मार्गारेट मुंबईस उतरली. लग्नाला वर्षही झाले नव्हते. आरंभीचे महिने त्यांनी कोकणात बाणकोट व हर्णै येथे मराठी शिकण्यात घालवले. समुद्राकाठचे ते गाव आणि तो पावसाळा डोळ्यांपुढे आणा. स्कॉटलंडला लिहिलेल्या पत्राचे उत्तर येण्यास कित्येक महिने लागत. समोर पंतोजी बसलेला. 'ळ' म्हणता येत नाही, 'च' कोठे कसा उच्चारावा ते कळत नाही. ज्याने परकी भाषा शिकली आहे, त्याला ठाऊक आहे की पहिले वर्ष माणसाला परत मूल करून टाकते. पदवीधर मनुष्य बाजारात मीठ मागतो आणि पोरेसोरे हसतात. हा नम्रपणाचा धडा कोणत्याही धर्मविद्यालयात शिकवता येत नाही.

मार्गारेटबाई नवऱ्याच्या बरोबरीने मराठी शिकल्या. मुंबईस आल्यावर त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. १८३२ साली त्यांनी ज्या शाळेचा पाया घातला, ती आज गावदेवी येथे सेंट कोलंबा शाळा म्हणून उभी आहे. विल्सनसाहेब प्रवासास गेले की घर, शाळा, येणारे-जाणारे आणि लेखनाचे काम बाईंच्या अंगावर असे. ते मासिक चालवीत, त्यातही बाई लिहीत. १९ एप्रिल १८३५ रोजी त्या वारल्या. अवघी सहा वर्षे! पुढे त्यांच्या दोन बहिणी, अॅना व हे बेन, स्कॉटलंडहून येऊन ते काम पुढे चालवू लागल्या. विल्सनसाहेबांनी पत्नीचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले, म्हणून आज एवढे तरी आपणांस कळते. किती जणींचे चरित्र लिहिले गेले?

गॉर्डन हॉल ह्यांचे नाव प्रत्येक मराठी ख्रिस्ती मनुष्याला माहीत असावे. १८१३ साली ते मुंबईत आले. मराठी नवा करार १८२६ साली छापून पूर्ण झाला, त्यामागे त्यांचे परिश्रम आहेत. त्याच वर्षी, मार्च महिन्यात, नाशिककडून परतताना पटकीने त्यांचा अंत झाला. वाटेत पटकीच्या रोग्यांना औषध वाटीत ते निघाले होते. परंतु ते त्या वेळी एकटे का होते? त्याच्या आदल्या वर्षी त्यांची पत्नी मार्गारेट दोन आजारी मुलांना घेऊन अमेरिकेस निघाली होती, मुले वाचावीत म्हणून. त्यांतील एक मूल समुद्रप्रवासातच दगावले. नंतर पतीच्या मृत्यूची बातमी पोहोचली, तीही कित्येक महिन्यांनी. मराठी नवा करार हाती घेताना ह्या बाईची आठवण करणे उचित आहे. तिने एक ओळही भाषांतरली नसेल, परंतु त्या ग्रंथाची किंमत तिनेही भरली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे म्हटली पाहिजे. मिशनरींच्या जीवनाची सगळीच चित्रे हौतात्म्याची नाहीत. पुढील काळात मिशनचे बंगले झाले, व्हरांडे झाले, आया व खानसामे आले, उन्हाळ्यात महाबळेश्वर व कोडाईकनाल झाले. बंगल्याच्या फाटकाशी आपले आजे-पणजे उभे राहत आणि 'साहेब आहेत का' असे विचारीत, हेही खरे आहे. त्या फाटकाने सुवार्तेचे थोडेफार नुकसान केले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ते ओळखले होते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी निराळी वाट धरली. पण टिळकांचेही घर पाहावे ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त. टिळक कवी, टिळक साधू, टिळक देशभक्त. आणि महिनाअखेर डब्यात पीठ किती आहे हे माहीत असलेली लक्ष्मीबाई! टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, आणि घरात कोण मूल कोणाचे ह्याचा हिशेब राहत नसे. तो संसार लक्ष्मीबाईंनी चालवला, आणि हसत हसत चालवला. टिळक १९१९ साली गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण करण्याचे काम ह्याच बाईंनी हाती घेतले. एके काळी जिला अक्षरे जुळवून वाचणे कठीण जाई, तिने! पौल प्रिस्किल्लेला 'सहकारी' म्हणतो. मूळ शब्द तोच आहे, जो तो तीमथ्यासाठी व तीतासाठी वापरतो. त्यात कमीअधिक असे काही नाही.

अमेरिकन मिशनच्या जुन्या याद्यांत मिशनऱ्यांच्या पत्नींची नोंद 'साहाय्यक मिशनरी' अशी होत असे. सिंथिया फॅरार ही अविवाहित बाई १८२७ साली मुंबईस आली, पुढे नगरला तिने मुलींच्या शिक्षणाचे अजोड काम केले, आणि १८६२ साली नगरलाच देह ठेवला. तिचे नाव यादीत स्वतःच्या पायावर उभे आहे, कारण तिच्या नावामागे उभे राहायला नवरा नव्हता. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. तो काळच तसा होता. परंतु आपला काळ कोणता आहे?

कारण आता चित्र पालटले आहे. एके काळी आपल्या देशात मिशनरी येत. आज आपल्याच मंडळ्यांतून ते निघतात. तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी १९०३ सालची, सेरामपूर येथे स्थापन झालेली नॅशनल मिशनरी सोसायटी १९०५ सालची. व्ही. एस. अझरया हे तामिळ मुलखातून तेलुगू भाषेच्या दोर्नकलला गेले, तेव्हा आरंभी त्यांचा मुक्काम तंबूत होता. अक्विलाने शिवली तशाच एखाद्या राहुटीत म्हणा ना! त्यांची पत्नी अन्बू ही कॉलेजात शिकलेली बाई होती, आणि त्या कामात ती बरोबरीने उभी राहिली. आपल्या नगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, जामखेडचे उदाहरण तर अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे ह्या डॉक्टर पतिपत्नींनी १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. वेल्लोरला शिकलेली, अमेरिकेत अभ्यास करून आलेली ही माणसे शहरात सुखाने राहिली असती. त्यांनी खेड्यातील, बहुधा निरक्षर व उपेक्षित जातींतील बायकांना हाताशी धरून त्यांनाच आरोग्यसेविका केले. १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो दोघांना मिळून. १९९४ साली त्या कामावर इंग्रजीत जे पुस्तक निघाले, त्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत, आणि मेबलबाईंचे नाव आधी आहे. मला प्रिस्किल्ला आठवली.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी उचलली, तिच्याकडे येतो. माझ्या कामानिमित्त मला ठिकठिकाणच्या भाषांतरकारांचे काम तपासावे लागते. मध्य भारतातील एका डोंगराळ भागात एक तरुण मराठी दांपत्य काम करीत आहे. नाव देत नाही, गावही देत नाही. दोघेही धर्मशास्त्र शिकलेली. तिला परीक्षेत त्याच्यापेक्षा अधिक गुण होते, हे त्यानेच मला अभिमानाने सांगितले. त्यांचा दिवस असा जातो : पहाटे पाणी भरणे, कारण नळ नाही, आठ वाजता मुलीला दोन मैलांवरच्या शाळेत पोहोचवणे, नंतर भाषा सांगणारे गावकरी येतात आणि ओसरीवर काम चालते, दुपारी कोणाला ताप, कोणाला विंचू, म्हणून हाक येते, संध्याकाळी वीज असेल तर लिहिणे, नसेल तर कंदील. पावसाळ्यात ओढा चढला की आठ-आठ दिवस बाजार नाही. हिवताप तर वर्षातून एकदा ठरलेला.

रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सांगतो की एकमेकांवर प्रीती करण्याखेरीज कोणाचे काही देणे ठेवू नका. ह्या 'देण्या'साठी त्या नवऱ्याने सावकारी कर्जाचा शब्द घातला होता. गावातील पुरुषांनी त्याला तोच सांगितला होता. शब्द बरोबर, व्याकरण बरोबर. पण प्रीतीच्या जागी तो बसेना. सावकाराचे कर्ज हे दहशतीचे नाव; प्रीतीचे देणे त्यात कसे मावणार? तोडगा बायकोने काढला. चुलीपाशी बसणाऱ्या बायकांत मीठ, विस्तव, चार मुठी तांदूळ ह्यांची जी देवघेव चालते, तिला त्या भाषेत निराळा शब्द आहे. आपण मराठीत 'उसने' म्हणतो, जवळजवळ तसा. तो फिटतो आणि पुन्हा होतो, फिटतो आणि पुन्हा होतो. शेजार आहे तोवर तो संपत नाही, आणि संपावा असे कोणाला वाटतही नाही. तिने वचनाच्या दुसऱ्या भागात तो शब्द घातला. ओसरीवर वाचून दाखवले तेव्हा एक म्हातारी उठून म्हणाली, "हे तर आमच्या घरचे बोलणे." मी तीस वर्षे हे काम करीत आलो आहे, तपासनिसाला ह्याहून मोठी पावती मिळत नाही. तो शब्द ओसरीवर कधीच मिळाला नसता. तो चुलीपाशी होता.

आणि त्या प्रकल्पाच्या कागदावर भाषांतरकार म्हणून एकच नाव होते. मासिक साहाय्य एका नावाने येत होते, त्यात 'कुटुंबासाठी' म्हणून थोडी भर. वार्षिक सभेत अहवाल त्याने वाचावा आणि तिने गीत म्हणावे, अशी रीत. पाठवणाऱ्या मंडळीची पत्रे येत, त्यांत प्रश्न एकच : यंदा बाप्तिस्मे किती? मुलगी पुढच्या वर्षी पाचवीत जाईल तेव्हा शाळा कोठली, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिचे पोट दुखते त्यासाठी शहरात तपासणीला जायचे, तर गाडीभाडे कोठून आणायचे, हाही नाही. मी त्या दोघांना विचारले, तुम्ही हे लिहून का कळवीत नाही? दोघेही गप्प. मग ती म्हणाली, "सर, आम्ही तक्रार केली असे वाटेल. लोक म्हणतील, बोलावणे देवाचे आहे, मग रडता कशाला?"

वाचकहो, हे वाक्य मला झोंबले. आपण कोणत्या प्रकारची माणसे झालो आहोत की, आपण पाठवलेले लोक आपल्यापाशी दुखणे बोलायला भितात? पौल रोममधील मंडळीला लिहितो की ह्या दोघांनी माझ्या जिवासाठी आपली मान पुढे केली, आणि केवळ मीच नव्हे, तर परराष्ट्रीयांच्या सगळ्या मंडळ्या त्यांचे आभार मानतात. आभार मानण्यास तो लाजत नाही. ते कोणाच्या घरात जमतात हे सांगण्यासही विसरत नाही. त्याला ते घर ठाऊक होते. तो तेथे जेवला होता.

पाठवणाऱ्या मंडळीच्या कार्यकारी समितीला मी पत्र लिहिले. नरम शब्दांत लिहिले, पण चार गोष्टी स्पष्ट लिहिल्या. भाषांतरकार दोन आहेत, म्हणून कागदावर नावे दोन असावीत. साहाय्य दोघांच्या नावे यावे. मुलीच्या शिक्षणाची तरतूद मंडळीने करावी, कारण ती मुलगी कोणत्याही बोलावण्यावर सही करून गेलेली नाही. आणि वर्षातून एकदा समितीतील कोणीतरी, शक्य तर नवराबायको मिळून, त्यांच्याकडे चार दिवस राहायला जावे. तपासणीसाठी नव्हे, पाणी भरायला. चौथ्या गोष्टीवर समितीत हशा पिकला, असे मागाहून कळले. परंतु पाळकसाहेब व त्यांची पत्नी खरोखरच गेली. परत आल्यावर पाळकीणबाईंनी महिला मंडळात काय सांगितले ते मला ठाऊक नाही. एवढे ठाऊक आहे की त्या महिन्यापासून महिला मंडळाची मूठभर तांदळाची वर्गणी त्या मुलीच्या शाळेकडे वळली. नावांचा प्रश्न अजून समितीपुढे आहे. एका वडीलबंधूंचे म्हणणे असे की, दोन नावे घातली तर उद्या सगळ्याच मिशनऱ्यांच्या बायका मागतील. मी त्यांना रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय पुन्हा एकदा वाचण्याची विनंती केली आहे. त्यांचे उत्तर यायचे आहे.